हाराला बसणारी मुलगी

आमच्या घरात हार गुंफायला तिघी बसायच्या: आई, काकू आणि मी. मखमलाबादच्या बाजूला आमची झेंडू आणि शेवंतीची शेती. सुटी फुलं वडील पहाटे पंचवटीतल्या फुलबाजारात नेतात. हार मात्र घरच्या शेडमध्येच होतात, कारण ते देवळांबाहेरच्या दुकानांत जातात. देवाच्या हाराचा आमच्याकडे एकच कडक नियम आहे. बाईला पाळी आली की चार दिवस तिने शेडमध्ये पाय ठेवायचा नाही. अर्थात पाळी हा शब्द कुणी तोंडातून काढत नाही. 'अडचण' म्हणतात.

मला अडचण यायचीच नाही. सुरुवातीला वर्षभर आली, मग कधीतरी, मग महिनोन् महिने पत्ताच नाही. आई बाहेर बसली की मी हाराला, काकू बाहेर बसली तरी मीच हाराला. गणपती असो, नवरात्र असो, मी घरातला हुकमी एक्का. पाहुण्यांकडे वास्तुशांत निघाली की तिथेही मला बोलावणं यायचं. आई कौतुकाने सांगायची, "आमची पोर लय गुणाची. तिचं कधी काय आडत नाय." आणि मी वेडी, तो माझा गुण समजून मान खाली घालून अजून वेगाने सुई चालवायची.

तेवढ्यात अंग वाढत चाललं होतं. दिवसभर मांडी घालून बसणं आणि वर आईच्या हातचा तूपभात, त्यामुळे कुणाला नवल वाटलं नाही. हनुवटीवर केस आले. मानेवर काळी घडी पडली, ती आई दर रविवारी डाळीच्या पिठाने घासायची. मला फार राग यायचा. आईचा नाही, मानेचा. माझं शरीर म्हणजे कुणीतरी माझ्या गळ्यात मारलेलं ओझं, असं मला तेव्हा खरोखर वाटायचं.

एम.कॉम.च्या पहिल्या वर्षाला मैत्रिणीने ओढून एका डॉक्टरबाईंकडे नेलं. दुसऱ्या खेपेला आई सोबत आली. सोनोग्राफीच्या पडद्यावर बारीक काळे ठिपके होते. डॉक्टरबाई म्हणाल्या, "याला पीसीओएस म्हणतात. दर महिन्याला बीज तयार व्हायला लागतं आणि अर्ध्यात थांबतं, म्हणून पाळी येत नाही."

आई पडद्याकडे वाकली. मग म्हणाली, "म्हंजी कळ्या लागत्यात, पण उमलत नाय?"

"अगदी तसंच," डॉक्टरबाई म्हणाल्या.

परतताना रिक्षा घराजवळ आल्यावर आई म्हणाली, "आन् मी गावभर कौतुक सांगत हिंडले."

डॉक्टरबाईंनी सुरुवातीला पाळी आणायच्या गोळ्या दिल्या. त्यांनी रक्त दिसायचं, तेवढे दिवस मीही बाहेर बसायची, पण ते गोळीचं काम, माझं नव्हे, हे त्यांनी स्पष्ट सांगितलं होतं. "थोडं वजन उतरव. सगळं नको, थोडंच. मग गोळ्या थांबवू आणि तुझं शरीर स्वतःहून काय करतं ते बघू." हे 'स्वतःहून' माझ्या डोक्यात जाऊन बसलं. मला बारीक दिसायचं नव्हतं असं म्हणणार नाही, कुणाला नसतं! पण त्याहून जास्त मला हे बघायचं होतं की आत कुणी आहे का.

पाण्याच्या पाटाच्या कडेने रोज सकाळी चालायला लागले. पहिल्याच दिवशी वाटेतल्या दोन मावश्यांनी विचारलं, "लग्न जमलं काय गं?" मी म्हटलं, "हो, पाटाशी." तिसऱ्या दिवसापासून त्यांनी विचारणं सोडलं. भात कमी केला, चहातली साखर सोडली, भाकरी आणि मोड आलेली मटकी वाढवली. आई ताटात तूप वाढताना हात आखडायची तेव्हा तिचंच तोंड उतरायचं. ती बिचारी चोरून भाकरीला आतून तूप लावायची आणि मी ते बोटाने पुसून काढायची. त्यावरून आमची रोज भांडणं.

वजन मी फुलांच्या काट्यावर करायची. शेडच्या कोपऱ्यात क्रेट मोजायचा सपाट इलेक्ट्रिक काटा आहे, त्यावर कुणी नसताना उभी राहायची. तो आधी भराभर खाली आला आणि मग जो अडला तो हलेना. आठवड्यामागून आठवडे तोच लाल आकडा. एकदा रागाने मी त्याला लाथ मारली, तर माझंच बोट सुजलं.

पण काटा गप्प असताना दुसरंच काहीतरी चाललं होतं. एके सकाळी मांडी मोडून मी जमिनीला हात न टेकता सरळ उठले आणि जागच्या जागी थबकले. मानेची काळी घडी फिकी झाली होती, घासल्याशिवाय. झोपून उठल्यावर ताजं वाटायला लागलं होतं, जे मला दहावीनंतर आठवतच नव्हतं. मी या शरीराला कधी काही सांगितलं नव्हतं, प्रेमाने तर कधीच नाही, आणि ते मुकाट्याने माझ्यासाठी राबत होतं. मला त्याची लाज वाटायची थांबली आणि धाकच वाटायला लागला, मोठ्या माणसाचा वाटतो तसा.

गोळ्या थांबवल्या. उन्हाळा गेला, गणपती गेले, काही आलं नाही. मी रोज वाट बघायची आणि रोज हाराला बसायची. मी न्हाणीघरातून बाहेर आले की आई माझ्या तोंडाकडे बघायची.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी शेडमध्ये गुडघ्याएवढा झेंडू पडला होता. वर्षातला सगळ्यात मोठा बाजार. दुपारी ओटीपोटात कळ आली. मला वाटलं, बसून बसून. मग ती खाली ओढत गेली आणि मी अर्धा हार टोपलीत टाकून उठले.

न्हाणीघरात मी किती वेळ उभी होते कुणास ठाऊक. इतकं लाल, इतकं साधं. ना गोळी, ना कुणाला विचारणं. आतल्या आत कुठेतरी एक कळी न थांबता शेवटपर्यंत गेली होती, आणि मी त्या वेळी बहुधा झोपले होते किंवा आईशी तुपावरून भांडत होते. मी भिंतीला धरून आधी हसले, मग रडले.

शेडच्या दाराशी येऊन बाहेरच थांबले. "आई, मला अडचण आली."

काकू कपाळाला हात लावून म्हणाली, "आजच यायची व्हती का गं बाई! एवढा माल पडलाय, आता कोण वढील?"

आईची सुई हवेतच थांबली होती. "गोळी घेतली व्हती?"

"नाही. आपोआप."

आई काकूकडे वळली. "काय बोलू नको तिला. मी रातभर बसते." मग माझा अर्धा हार टोपलीतून उचलून तिने स्वतःच्या मांडीवर घेतला आणि पुढे गुंफायला लागली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते तिने पुसलंही नाही.

दसऱ्याला वडील बाजारातून आल्यावर आमच्याकडे अवजारांची पूजा होते: विळे, फवारणीचा पंप, टेम्पो आणि तो काटा. मी अंगणात लांब उभी होते, नियमाप्रमाणे. आईने सगळ्यांना हार घातले आणि काट्यापाशी येऊन थांबली. तिच्या हातात कालचा तोच हार होता, अर्धा माझा, अर्धा तिचा.

"इकडं ये," ती म्हणाली. "हा तू घाल."

काकू आणि वडील दोघंही बघायला लागले. मी जागची हलले नाही. "आई, मला अडचण आहे ना."

"अडचण नाय ती," आई सगळ्यांसमोर, मोठ्याने म्हणाली. "पाळी हाय. म्हणूनच ये."