पोरीच्या जिभेवरची अफू

बाईसाहेबांनी माझ्या पोरीला बगलेत धरून वर उचललं. बाजारात कोंबडी उचलून दाखवतात तशी. पोरीची मान एका बाजूला पडली. बाईसाहेबांनी बोटानं तिची पापणी वर केली आणि सभेला म्हणाल्या, "पाहा. एवढ्या गलक्यात हे मूल झोपलेलं आहे. ही झोप नव्हे, अफू आहे. आणि ती देणारी ही आई."

सगळ्या माना माझ्याकडं वळल्या.

सात रस्त्याजवळच्या एका हॉलात सभा होती. सरकारी परवान्याचं अफूचं दुकान बंद करावं की चालू ठेवावं, यावर. मला ते ठाऊकच नव्हतं. मी मिलमध्ये रीळखात्यात कामाला. आमच्यावर देखरेख करणारी नाईकीण म्हणाली होती, "रविवारी लेकरं घिऊन या, डाक्टरीण फुकट तपासणार हाय." म्हणून मी चंपाला धुतलेलं झबलं घातलं, तीट लावली. नटवून नेली. आणि तिला त्यांनी वर उचलून दाखवली.

बाईसाहेबांचे यजमान रावसाहेब, मोठे वकील. ते म्हणाले, दुकान बंद झालंच पाहिजे, या अडाणी आया मुलं मारताहेत. मग आमच्या मिलचे शेट उठले. हसतमुख माणूस. म्हणाले, "खायचं की नाही ही ज्याची त्याची मर्जी. कुणी कुणाच्या तोंडात कोंबत नाही. आज अफू बंद कराल, उद्या तंबाखू, परवा चहा." लोक हसले. शेट माझ्याकडं वळले. "काय गं, तुझ्या मर्जीनंच देतेस ना?"

मी म्हणाले, "व्हय."

दुसरं काय म्हणणार? समोर मिलचा मालक. माझी पोर परक्या बाईच्या हातात लोंबकळत असलेली.

टाळ्या पडल्या. एकाला त्या शब्दात माझं पाप सापडलं, दुसऱ्याला माझी मर्जी. आणि लेकरं तपासणारी डॉक्टरीण मला काही कुठं दिसली नाही.

घरी येताना पोरगी खांद्यावर तशीच निजलेली. आणि डोक्यात तो शब्द. व्हय. व्हय. रस्ताभर.

माझी मर्जी! बाळंतपणानंतर मी कामावर परतले तेव्हा नाईकिणीला म्हटलं होतं, दुपारी जरा घरी जाऊन पाजून येते. ती म्हणाली, "पाजायचं आसंल तर घरीच ऱ्हा की. तुझ्या जागंला लई जणी हायेत." घरधनी मागखात्यात, मी रिळावर, घरी म्हातारे सासरे. त्यांचे गुडघे गेलेले. पहाटे अफूची गोळी जिभेखाली धरल्याशिवाय त्यांना उठता येत नसे. रडणारं तान्हं लेकरू त्यांनी कसं सांभाळावं? शेजारणी म्हणाल्या, मोहरीएवढी लाव जिभेला, सगळ्याच लावतात. मीही लावली. पहिल्या दिवशी मोहरीचा दाणा शेजारी ठेवून मापली. नंतर मापायचंही राहिलं.

पोरगी वाळत चालली. सुट्टीच्या दिवशीही दिली नाही की किंचाळायची. म्हणून त्या रविवारीही दिली होती.

घरी येऊन मी सासऱ्यांना सगळं सांगितलं. मला वाटलं, तेही शेटसारखंच म्हणतील. स्वतः खाणारा माणूस. त्यांनी गुडघ्यावरून हात फिरवला. मग म्हणाले, "माझं सोड. मला दुखतंय म्हनून मी खातो. माजी मर्जी म्हन, न्हाईतर माजी खोड म्हन. पर पोरी, तिला कुटं दुखत हुतं?"

दुसऱ्या दिवशी पोरीच्या जिभेला काही लावलं नाही.

पोरीचे हाल झाले. घामानं चिंब व्हायची, हगवण लागली, नाक गळायचं. रडून रडून आवाज बसला. सासरे तिला मांडीवर घेऊन डुलत बसायचे, पण ती त्यांना आवरेना. मग एका सकाळी मी तिला पाठीशी बांधलं आणि भोंगा झाला तशी मिलच्या फाटकावर गेले.

दरवानानं अडवलं. नाईकीण धावत आली. "पोर घरी ठिव, न्हाईतर तू घरी जा." मी तिथंच फाटकाच्या कडेला बसले आणि पदराखाली घेतलं. पोरगी पीत नव्हती, नुसती ओरडत होती. तेवढ्यात शेटची मोटार आली. फाटक उघडेपर्यंत थांबली. शेटनी कपाळाला आठ्या घातल्या. मला ओळखलंही नाही.

"काय कटकट आहे! हिला काही देत नाहीस का? दे आणि गप्प कर, आणि कामाला लाग."

मी उठले. पोरीला कडेवर घेतलं. "सायेब, सभंत तुमी इचारलं हुतं, मर्जीनं देतीस का म्हनून. मी खोटं बोलले. मर्जी तुमची हुती. आता मी देत न्हाई."

मोटार आत गेली. फाटक लागलं. त्याच दिवशी माझं काम गेलं. घरधनी घरी येऊन डोकं धरून बसले. "हात जोडले असते तर काय झालं असतं?" म्हणाले. मी म्हटलं, "हात मोकळं न्हवतं. पोरगी हुती."

आता मी घरी विड्या वळते. चंपा हळूहळू सावरली. पण बसायला लागली तीच लई उशिरा. अजून उभी राहत नाही. पुढं काय, ठाऊक नाही.

परवा बाईसाहेब स्वतः दारात आल्या. पुन्हा सभा आहे म्हणाल्या. "मुलीची अफू बंद केलीस म्हणे. मुलीला घेऊन व्यासपीठावर ये. लोकांवर परिणाम होईल."

मी म्हटलं, "पोरगी येनार न्हाई. मी यीन."

"बरं, तू ये. दुकान बंद करा, एवढंच म्हण."

"म्हनीन. पर आदी म्हनीन, मिलमधी लेकरं ठिवायला जागा द्या, पाजायला सुट्टी द्या. आन् दुकान बंद झालं तर माज्या सासऱ्याच्या गुडघ्याला औषध कुटलं, ते बी इचारीन. चालंल?"

त्या म्हणाल्या, "तो विषय वेगळा."

"मग तुमची सभा बी येगळी," मी म्हटलं.

त्या गेल्यावर मी गप्प बसले नाही. बसवेनाच. दारोदार फिरले. रीळखात्यातल्या एकेकीच्या घरी, मिलकडं लेकरांना जागा आणि पाजायला सुट्टी मागू या म्हणत. तेलुगू बोलणाऱ्या होत्या, मुसलमानांच्या होत्या. काहींनी दार लावलं. काही रडल्या. काही म्हणाल्या, येतो.

उद्या सकाळी भोंगा झाला की आम्ही लेकरं कडेवर घेऊन फाटकात उभ्या राहणार. कुणीही कुणाच्या जिभेला काही लावून आणायचं नाही, असं ठरलंय. दरवान अडवील. अडवू दे. लेकरं रडतील. सगळी मिळून रडतील, मागांच्या खडखडाटाच्या वर ऐकू जाईल एवढी.

रडू दे. आम्ही त्यांना गप्प करणार नाही.