आधी तोंडानं आवाज काढा

माझ्या साडभावाइतका कानानं जगणारा मनुष्य नागपुरात दुसरा झाला नाही, अन् पुढं होईल असंही मला वाटत नाही. साडभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा. शहराच्या वेशीवरच्या वाडीला ट्रान्सपोर्टच्या गोदामांमागं त्याचं टिनाचं गॅरेज होतं आणि तिथं एकच कायदा होता. गाडीला हात लागायच्या आधी मालकानं तिचा आवाज तोंडानं काढून दाखवायचा. नुसतं "आवाज येते" म्हटलं की हा बिडी पेटवून पाठ फिरवायचा. एकदा एक मोठा कापडवाला, पांढरंशुभ्र धोतर, बगलेत छत्री, भर रस्त्यात उभा राहून "खड-खड-कट्, खड-खड-कट्" करत होता आणि हा डोळे मिटून म्हणत होता, "शेटजी, बराबर काढा ना जी. शेवटी कट् आहे का खट्? तुमच्या एका अक्षरापायी माझा अख्खा दिवस जाते."

आवाज पटला की मग फुंकणी. चूल फुंकायची घरची लोखंडी फुंकणी तो गॅरेजात घेऊन यायचा. एक टोक इंजिनाला, दुसरं कानाला. संध्याकाळी घरी जाताना कानाभोवती काजळीचा काळा गोल असायचा, आणि घरी त्याची बायको नुसत्या तोंडानं चूल फुंकून डोळे लाल करून बसलेली. ती म्हणायची, "फुंकणीशीच लगन लावाचं होतं, मले काहून आणलं?" हा शांतपणे सांगायचा, "थे उलटून बोलत नाही वं." नंदनवन वस्तीत एका लग्नाच्या पंगतीत भातावर तूप वाढलेलं टाकून हा उठला, मांडवातल्या पंख्याला कान लावला, "याचं बुश गेलं" म्हणाला आणि पंखा बंद करून परत जेवायला बसला. मे महिना होता. नवरदेवाच्या बापानं त्याच्याशी पुढं कधी बोलणं ठेवलं नाही. खरं सांगतो, माझंही त्याच्याशी फारसं जमत नव्हतं.

पण गरज पडली. मी तेव्हा खापरखेड्याला राहत होतो, तिथल्या वीजकेंद्राच्या कॉलनीतल्या किराणा दुकानांना माल पोचवायला माझ्याकडं एक जुनी व्हॅन होती. माझी बायको, इंदू, मागच्या उन्हाळ्यात गेली. ही गोष्ट ती तिशीत होती तेव्हाची. तिच्या मणक्याला टीबी झाला होता. बसता येत नव्हतं, म्हणून दर आठवड्याला व्हॅनमध्ये गादी टाकून, तिला निजवून नागपूरच्या दवाखान्यात न्यायचो. त्यातच गाडी खालून ठोकायला लागली. वेग घेतला की सगळी हादरायची आणि प्रत्येक हादरा तिच्या पाठीत जायचा. ओठ चावून चावून तिच्या ओठातून रक्त यायचं. शेवटी ती म्हणाली, "अजी, आता मी नाई येत. जे होईल थे घरीच होऊ द्या." गावातल्या मिस्त्रीनं सांगितलं, इंजिन गेलं, गाडी भंगारात द्या. गाडी गेली असती तर दवाखाना गेला असता, अन् दवाखाना गेला असता तर ती.

साडभाऊ सायकलला फुंकणी बांधून आला. मला म्हणाला, "पाव्हणे, आवाज काढा." मी काढला. "हे गाडी आहे का बकरी?" म्हणाला. मग उभ्या गाडीचं इंजिन भरपूर पळवून फुंकणी लावली. काही नाही. गाडी चढावर नेली, इंजिन बंद करून उतारावर मोकळी सोडली. गडगडत निघाली तशी ठोकायलाच लागली. हा खूश. "इंजिन झोपलं अन् आवाज जागा. म्हणजे इंजिनावर खोटा आळ." पण खालून नेमकं कुठून, ते समजेना. मला मागं निजवून ऐकायला लावलं. मी म्हटलं सगळीकडूनच येतो. घरी परतलो तशी खाटेवरून इंदू म्हणाली, "याइले घरात हंडा पडला तं आयकू येत नाही. भाऊजी, मले न्या. कुठं लागते थे मले माहीत आहे."

तिला गाडीत निजवलं, मी चालवायला बसलो. हा तिच्या बाजूला उकिडवा बसला. "सांग इंदे, ठकठक का खटखट?"

"तुमचं तोंड बंद ठेवा अन् आयका. गाडी उचलते तवा एकच ठोका. मंग वेग आला का, उखळात मुसळ मधात न पडता काठाले घासते ना, तसं. माझ्या कमरेच्या बराबर खाली."

"पाव्हणे, थांबवा गाडी."

तो रस्त्यावर उतरला. "काठाले घासते, काठाले घासते" असं दोनदा पुटपुटला आणि खाली शिरला. इंजिनाचा जोर मागच्या चाकांकडं नेणारा लांब दांडा, त्याच्या सांध्यातला क्रॉस झिजून सैल झाला होता. दांडा मधोमध फिरतच नव्हता. बाहेर काढलेला क्रॉस इंदूनं मागून घेतला, तळहातावर फिरवून पाहिला. "एवढंसं?" म्हणाली. वर विचारते, "याले चार हात काहून असतात?" आणि हा मनुष्य, गिऱ्हाइकाला कधी एक शब्द न समजावणारा, तिच्या बाजूला मांडी घालून अर्धा तास हाताच्या मुठी फिरवून समजावत बसला.

पुढं ती उठली, चालायला लागली. डॉक्टर म्हणाले इंजेक्शनांनी गुण आला. मी वाद घातला नाही.

नवीन क्रॉस बसवल्यावरच्या पहिल्या खेपेला साडभाऊ आमच्यासोबत आला, मागं तिच्यापाशी बसला. अर्ध्या रस्त्यात त्यानं माझ्या खांद्यावर बोट ठेवलं. मी घाबरलो. "आला का आवाज?"

"हळू बोला. झोपली थे."

किती महिन्यांनी झोपली होती, मलाच माहीत. दवाखान्याचं फाटक आलं. मी ब्रेकवर पाय नेला, तर मागून तो हलक्या आवाजात म्हणाला, "थांबू नका. अजून एक चक्कर मारा." मी मारली. मग त्यानं न सांगताच मी आणखी एक मारली.