जान्हवीची दसऱ्याची तपासणी

...आणि जयवंत फोनवर म्हणाला, ‘आमच्याकडे प्रो. एकदम वरचा.’ काल मी इथवर आलो आणि तुम्ही चहाला उठलात. आता बसा. काल जे नव्हते त्यांच्यासाठी मागचं दोन शब्दांत सांगतो. दोन शब्दांत म्हणजे माझ्या दोन शब्दांत.

जान्हवी माझी नात, थोरल्या मुलाची. चारकोपच्या औद्योगिक वसाहतीत एका छोट्या कंपनीत कामाला आहे. गाळेवाल्यांची बिलं आणि माल सांभाळणारं सॉफ्टवेअर ही कंपनी बनवते. बनवणारे बनवतात आणि जान्हवी ते मोडून बघते. त्याला टेस्टिंग म्हणतात. मोडून बघायचा पगार मिळतो हे कळलं तेव्हा मी तिच्या आजीला म्हटलं, अगो, आपण हिला लहानपणी उगाच ओरडलो. तिसरीत असताना नवीन रेनकोट आणला, तर ही तो घालून, खिशात पेपराची घडी ठेवून, बाथरूमच्या शॉवरखाली उभी. घडी भिजली. तोच ओला पेपर हातात देऊन बापाला दुकानात परत पाठवलं. दुकानदाराने रेनकोट निमूट बदलून दिला, वर म्हणाला, पुढच्या वेळी मुलीला आणू नका.

तर नोकरीतले पहिले महिने कच्चे असतात. ते संपत आले तेव्हा नंदकिशोर सरांनी, म्हणजे तिच्या मालकांनी, तिच्यावर एक काम सोपवलं. नवीन सॉफ्टवेअर दिवाळीआधी गिऱ्हाइकांकडे जायचं होतं. ते तपासायला एक नवीन कॉम्प्युटर घ्यायचा. त्यात विंडोजची कुठली आवृत्ती हवी ते तू ठरव, आणि का, ते मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर पटवून दे. पटलं तर कायम. नाहीतर, सर म्हणाले, बघू. मालकांचं ‘बघू’ मी गिरणीत उभा जन्म ऐकलंय. त्याचा अर्थ मला कोणी सांगायला नको.

आता आवृत्तीचं प्रकरण तिने मला समजावलं ते असं. विंडोज म्हणजे तांदूळ धरा. घरगुती तो होम, धंद्याचा तो प्रो, मोठ्या कंपन्यांचा एंटरप्राइज. वाढल्यावर भात सारखाच दिसतो, पण प्रत्येकाला पाणी वेगळं लागतं. यांच्या सॉफ्टवेअरमध्ये एक सोय होती. गिऱ्हाइकाचं काही अडलं तर ऑफिसात बसूनच त्याच्या कॉम्प्युटरात शिरायचं आणि दुरुस्त करायचं. ते शिरायचं दार विंडोजचंच. प्रोला ते आहे, होमला नाही. म्हणजे तपासलं प्रोवर आणि गिऱ्हाइकाकडे निघालं होम, तर ऐन दिवाळीत तो फोनवर बोंबलणार आणि हे बाहेरून भिंत चाचपत बसणार.

सरांचं मत आधीच ठरलेलं. गिऱ्हाइकं धंदेवाली, धंद्याला प्रो, त्यात विचारायचं काय. जान्हवीने तरी विचारलं. एकेकाला फोन केले. सगळे म्हणाले प्रो. एकाने तर एंटरप्राइज सांगितलं. जयवंत पुठ्ठ्याची खोकी बनवतो, त्याचं तुम्ही ऐकलंत. चंपाबेनचा खाकऱ्याचा गाळा आहे, त्या म्हणाल्या, ‘आपल्याकडे हलकं काय नसते, बेटा.’

एकही होम नाही म्हटल्यावर पोरीला जेवण जाईना. मला म्हणाली, ‘आबा, सगळेच प्रो कसे?’ मी तिला आमच्या गावच्या शाळेतलं सांगितलं. तपासणीला साहेब आले आणि विचारलं, रोज दात कोण घासतो. अख्ख्या वर्गाचा हात वर. बाबल्याने तर दोन्ही हात वर केले. साहेब शहाणे. म्हणाले, हात खाली, तोंडं उघडा.

जान्हवी हसली नाही. ‘तोंड उघडा म्हणायला मला कोण देणार?’ म्हणाली. बरोबर होतं तिचं. कोणाच्या गाळ्यात जाऊन कॉम्प्युटर दाखवा म्हटलं, तर खोटं पकडायला आली असंच होणार. आणि आपल्याकडे धंद्याला घरगुती माल लावलाय हे कोण कबूल करतो? एवढ्यात तिची आई विचारायला आली, दसऱ्याला झेंडू किती आणू. जान्हवी आईकडे बघतच राहिली. मग उरलेलं सगळं जेवली, वर भात मागून घेतला.

दसऱ्याला वसाहतीतले गाळे सकाळपासून उघडे असतात. मशिनं पुसलेली, हळदकुंकू लावलेली, गळ्यात माळा. प्रेस बंद, कटर बंद, त्या दिवशी अवजाराला कोणी राबवत नाही. चालू असतो एकटा कॉम्प्युटर, कारण आरती त्याच्यावर लागलेली असते. आणि सोनं घेऊन आलेल्या माणसाला दारातून परत पाठवायची कोणाची छाती आहे?

ऑफिसची पूजा उरकून ती मला न्यायला घरी आली. सोबत म्हातारा असला की संशय येत नाही, असं तोंडावर म्हणाली. पद्धत तिने आधीच ठरवली होती. आधी माणसाला आपट्याचं पान द्यायचं, मग कॉम्प्युटरवर पान ठेवून नमस्कार करायचा, आणि हात खाली घेता घेता दोन बटणं एकदम दाबायची. पडद्यावर पाटी येते, तिच्यात आवृत्ती लिहिलेली असते. वाचायची, बंद करायची, पेढा घ्यायचा. तोवर मी घरमालकाला, म्हणजे गाळेमालकाला, बोलण्यात गुंतवायचं. योग्य माणसाला योग्य काम देणं यालाच हुशारी म्हणतात.

चंपाबेननी स्वस्तिक काढलं होतं ते थेट पडद्यावर, ओल्या कुंकवाचं, या टोकापासून त्या टोकापर्यंत. पाटी आली ती नेमकी त्याच्या मागे. जान्हवी हात जोडून, मान वाकडी करून अक्षरं शोधतेय आणि चंपाबेन कौतुकाने बघताहेत, आजकालची पोरगी आणि एवढी भक्ती. मी त्यांना आमच्याकडच्या दशावतारातली एक भानगड लावून दिली. त्यातला राक्षस मरायच्या आत काम झालं. होम.

जयवंतकडे मात्र घोळ झाला. मी त्याला गुंतवायच्या ऐवजी त्याच्या प्रसादाच्या शिऱ्यात स्वतःच गुंतलो. तो जान्हवीच्या मागे जाऊन उभा राहिला आणि पाटी त्यानेही वाचली. बिचारा कानापर्यंत लाल. ‘अगो, झिलाच्या कॉलेजचो लॅपटॉप तो,’ म्हणाला. झील म्हणजे मुलगा. ‘तो कामाक लागलो, मगे मी ह्यो धंद्याक लावलंय. फोनवर कसा सांगतलंय? तुमच्या सरांक माझा नाव सांगू नको गो.’ जान्हवीने त्याला शब्द दिला, गिऱ्हाइकांपैकी कोणाचंच नाव सांगणार नाही.

अंधार पडेपर्यंत फिरलो. येताना मी विचारलं, प्रो किती निघाले? म्हणाली, एकच, आणि त्याला ते माहीत नव्हतं. एंटरप्राइजवाल्याकडे काय निघालं विचारू नका, त्याच्याकडे आरती मोबाईलवर लागली होती. कॉम्प्युटर महिनाभर बंद.

पुढचं ऐकायच्या आधी एक सांगून टाकतो, नाहीतर तुमचं लक्ष लागणार नाही. ती कायम झाली. तपासायला होमवालाच कॉम्प्युटर आला, दार नाही हे सगळ्यांना पहिल्याच दिवशी दिसलं, आणि दुसरी वाट काढून सॉफ्टवेअर दिवाळीआधी रवाना झालं. पण मला सांगायची आहे ती मीटिंग. तिने घरी आल्याआल्या चप्पलही न काढता सांगितली, तशीच सांगतो.

जान्हवी उभी राहून म्हणाली, होम घ्यायचा, कारण गिऱ्हाइकांकडे होम आहे. सर म्हणाले, फोनवर सगळे प्रो म्हणतात, तू कशावरून होम म्हणतेस? म्हणाली, बघून आले. कुणाकडे? तिथे अडलं. नावं सांगता येणार नाहीत, म्हणाली, शब्द दिलाय. बाकीचे टेबलाकडे बघायला लागले. सर चिडले. इकडे सगळ्यांसमोर होम म्हणायचं, तिकडे साक्षीदार गुप्त ठेवायचे, हे काय कोर्ट आहे का, असं बरंच बोलले. मग उठून उभेच राहिले.

‘जान्हवी, धंदा करणारा एक तरी शहाणा माणूस होम वापरत असेल तर त्याचं नाव सांग. एकच नाव. मी आत्ता ऑर्डर देतो. नाहीतर विषय बंद, आणि तुझंही मग बघू.’

‘सांगायलाच पाहिजे का, सर?’

‘सांगायलाच पाहिजे.’

तिने जयवंतचं नाव घेतलं नाही. चंपाबेनचंही नाही. म्हणाली,

‘सर, दसऱ्याला पहिलं सोनं मी तुमच्याच लॅपटॉपवर ठेवलं होतं.’