चाळीस साखळ्या

पगारेबाई कापडी नकाशावर रेघ ओढत असताना कोणी विचारलं, "बाई, तीन फर्लांग म्हणजे किती मीटर?" तर पेन न उचलता त्या सांगायच्या, "सहाशे तीन. थोडे वर." मग मी गुपचूप कागदावर गुणाकार करून पाहायचो. सहाशे तीन, थोडे वर.

सत्तरच्या दशकात आमच्या नाशिकच्या मोजणी कचेरीत जुनं दप्तर मीटरमध्ये उतरवायचं काम चालू होतं. मी पहिल्या वर्गात डिप्लोमा झालेला. पगारेबाई मॅट्रिक, हुद्द्याने नकाशे गिरवणाऱ्या. त्यांचे वडील जन्मभर मोजणीदारांमागे साखळी ओढत हिंडले होते; मापं त्या घरातच शिकल्या. लोक माझ्या टेबलावरून पुढे जाऊन त्यांच्याकडे थांबत. कोणी कोस म्हटलं की त्या विचारायच्या, "कुठल्या गावचा कोस? नुसत्या आकड्यावर विश्वास ठेवू नका, त्याचं माप विचारा." सगळे हसत. मला ते वाक्य ऐकवत नसे.

एकदा देवळ्याकडच्या एका वस्तीचा कागद माझ्याकडे आला. वेशीपासून पूर्वेला चाळीस साखळ्यांवर सार्वजनिक विहीर, असा जुना दाखला. मी आठशे पाच मीटर लिहून पाठवून दिलं. आठशे मीटरवर नुसतं माळरान होतं. विहीर होती निम्म्या अंतरावर. तिथल्या शेतमालकाने माझा कागद दाखवून ती आपली खाजगी विहीर ठरवली आणि वाटेवर बाभळीचे काटे टाकले.

आठवड्याने पगारेबाईंनी माझ्यासमोर एक चिठ्ठी ठेवली. हळू आवाजात म्हणाल्या, "भामरे, तुम्ही सहासष्ट फुटी साखळी धरलीत. आपल्या जुन्या मोजणीची साखळी तेहतीस फुटी. चारशे दोन मीटर येतात. यावर सही करून साहेबांकडे द्या."

त्यांचं बरोबर होतं, हे मला त्याच क्षणी कळलं. "बघतो," म्हणालो आणि चिठ्ठी खणात टाकली. रोज खण उघडायचो, रोज बंद करायचो. सही केली असती तर डिप्लोमावाल्याला नकाशे गिरवणारीने शिकवलं, हे कचेरीभर झालं असतं.

तीन आठवड्यांनी त्या वस्तीवरची एक म्हातारी एस.टी.ने कचेरीत आली. पिंढऱ्यांवर काट्यांचे ओरखडे होते. "विहीर तठेच शे, पन वाट बंद शे," एवढंच ती पुन्हा पुन्हा सांगत राहिली. साहेबांनी कागद मागवला आणि आम्हा दोघांना बोलावलं. पगारेबाई म्हणाल्या, "साखळी किती फुटांची, ते दाखल्यात लिहिलेलं नाही, साहेब. कोणाचंही चुकलं असतं. जागेवर जाऊन मोजू या."

आम्ही गेलो. वेशीपासून जुनी साखळी टाकत निघालो. चाळिसावी साखळी ताणली, तेव्हा तिची कडी विहिरीच्या कठड्याला लागली. शेतमालक वाटेतून बाजूला झाला. बायकांनी स्वतःच काटे ओढून बाजूला केले. पगारेबाई पोहऱ्याचं पाणी ओंजळीने पीत होत्या, बायका त्यांच्याभोवती जमल्या होत्या. त्यांनी मला वाचवलं होतं, आणि तरी मी लांब उभा राहून जळत होतो.

पुढे बाईंची मालेगावला बदली झाली. शेवटच्या दिवशी, बाकीचे निघून गेल्यावर, मी म्हणालो, "तुमची चिठ्ठी मी दाबून ठेवली होती."

"माहीत होतं," त्या म्हणाल्या. "दुसरी लिहून मी स्वतः साहेबांकडे देऊ शकले असते. वाटलं, आज द्याल, उद्या द्याल. तीन आठवडे वाट पाहिली. त्या बायका तेवढे दिवस लांबून पाणी आणत होत्या. ते माझंही चुकलं."

पिशवी उचलून त्या जिना उतरल्या. त्या चुकीत त्यांचा वाटा कितीसा होता? तरी त्यांनी तो कोणी न सांगता घेतला. पगारेबाईंच्या हिशेबांचा हेवा मी बरीच वर्षं केला. पण त्या संध्याकाळी जो हेवा वाटला, तो अजून गेलेला नाही.