जीपचा मास्टर, ट्रॅक्टरचा कॅमशाफ्ट

लेकरांनो, आजोबांनी मशीनवर एकट्यानं काम करणं का सोडलं, असं तुम्ही फोनवर विचारलंत तेव्हा मी विषय बदलला. आता तुमची आजी क्रमानं लिहिते.

वसमतच्या आपल्या दुकानात झिजलेले कॅमशाफ्ट पुन्हा घासून मिळतात. कॅम म्हणजे त्या दांड्यावरचे अंड्याच्या आकाराचे उंचवटे. ते फिरले की इंजिनाच्या झडपा उघडतात. उंचवटा रुंद असेल तर झडप जास्त वेळ उघडी राहते. मग इंजिन वेगात छान पळतं, पण सावकाश चालताना ओढ कमी पडते. जीपला ते चालतं, ट्रॅक्टरला नाही. म्हणून प्रत्येक इंजिनाच्या नमुन्याची वेगळी लोखंडी चकती असते. मशीन तिच्यावरूनच आकार उचलतं. आजोबा तिला मास्टर म्हणतात. तिच्यावर नंबर ठोकलेला असतो.

हळदीचे दिवस होते. शिरड शहापूरचा एक शेतकरी ट्रॅक्टरचा शाफ्ट घेऊन आला होता. मी डबा घेऊन गेले तेव्हा आजोबा मास्टर बसवत होते. त्यांनी नंबर पाहिला नाही, नुसता अंगठ्यानं चाचपला. मला दिसला: आठ. तो जीपचा. ट्रॅक्टरचा तीन.

काही महिन्यांपासून ते चहाचा कप टेबलाच्या कडेवर अर्धा बाहेर ठेवायचे. डोळे दाखवा म्हटलं की चिडायचे. गिऱ्हाइकासमोर त्यांना टोकायचं कसं? मी गप्प बसले. त्यांचं काही कारण असेल, अशी स्वतःची समजूत घातली.

चौथ्या दिवशी तो शेतकरी शाफ्ट पोत्यात गुंडाळून परत आला.

"काका, रिकामा ट्रॅक्टर घोड्यावानी पळून राहिला. हळदीची ट्रॉली लावली की चढावर काळा धूर, अन् जागच्या जागी! म्हशीला घोड्याचे पाय लावले का तुमी?"

"माझ्या हातचं काम बराबरच असतंय. इंजिनाचा डिझेल पंप दुरुस्त करणाऱ्याला दाखव."

"दाखवलं. त्यो म्हणला, काकालाच इचार."

मग मी बोलले. "आठ नंबर लावला होता तुम्ही. मी पाहिला होता."

आजोबा माझ्या आवाजाकडे वळले. "पाहिला होता? मग तवा काहून न्हाई बोललीस?"



शाफ्ट आणखी एकदाच घासता येणार होता. वरचा कडक थर तेवढाच उरला होता, त्याच्या खाली लोखंड मऊ. पुन्हा चूक झाली तर तो भंगारात जाणार, आणि त्या माणसाची वाळलेली हळद शेतातच पडून राहणार. आजोबा बराच वेळ शाफ्टवरून हात फिरवत बसले. मग त्या शेतकऱ्यासमोरच मला म्हणाले, "मास्टर तू काढ. नंबर मोठ्यानं वाच."

"तीन."

"पुन्ना वाच."

"तीन."

त्यांनी मशीन सुरू केलं. शेतकऱ्याची थट्टा थांबली होती. तो आजोबांच्या डोळ्यांकडे बघत होता.

तेव्हापासून नंबर मीच वाचते. दवाखान्याचं नाव काढलं की अजूनही ते उठून जातात.

शाफ्ट दिल्यावर दोन दिवसांनी ती ट्रॉली हळदीची पोती घेऊन दुकानासमोरून बाजाराकडे गेली. त्या शेतकऱ्यानं हॉर्न वाजवला. आजोबांनी हसून हात वर केला, पण मागून येणाऱ्या एस.टी.कडे बघून.