तारीख वाचल्याशिवाय किल्ली नाही

आमच्या बायकोइतकी खडूस मास्तरीण शोधून सापडायची नाही. तिच्याकडे गाडी शिकायला आलात की आधी विम्याचा कागद हातात. मुदत कधी संपते ते मोठ्यानं वाचायचं, मगच किल्ली. लोक हसतात. हसू देत! नऊ वर्षांपूर्वी मला उडवणाऱ्या गाडीचा विमाच नव्हता. त्या माणसाकडून भरपाई काय मिळणार, कप्पाळ! मी वर्षभर अंथरुणाला खिळलो, आणि हिनं ड्रायव्हिंग स्कूल काढून घर सावरलं.

त्या दिवशी सकाळी एका विद्यार्थिनीची लायसन्सची परीक्षा होती. पास झाली तर सोमवारपासून दवाखान्याच्या गाडीवर नोकरी, नाहीतर जागा दुसऱ्याला. बिचारीनं नेहमीप्रमाणे कागद वाचला आणि अडखळली. विमा कालच संपला होता!

कागदपत्रं मी सांभाळतो. एकदा मुदत उलटली की गाडी तपासल्याशिवाय नवा विमा देत नाहीत, म्हणजे दुपार होणार.

"अगं, परीक्षेचं मैदान दोन किलोमीटरवर तर आहे," मी म्हणालो. "एवढ्यात काय होतंय?"

"तुम्हाला उडवणारासुद्धा जवळच निघाला होता," ती म्हणाली आणि विद्यार्थिनीला घेऊन तरातरा निघाली. मी काठी टेकत मागे.

गेली ती थेट समोरच्या मिशाळच्या स्कूलमध्ये! हा आमचा हाडवैरी. 'बायका काय गाडी शिकवणार' असं चारचौघांत बोलला, तेव्हापासून सहा वर्षं अबोला. त्याच्या भरल्या वर्गासमोर ही म्हणाली, "माझ्या गाडीचा विमा संपलाय. चूक माझी. या बाईंच्या परीक्षेपुरती तुमची गाडी द्या."

वर्ग खुसखुसला. मिशाळनं मिशीला पीळ दिला. "वा! जगाला विमा शिकवणाऱ्या बाई!"

हिनं मान खाली घातली नाही. माझं मात्र डोकं सणकलं. "चूक तिची नाही, माझी आहे!" मी ओरडलो. "विसरलो मी. तशीच गाडी काढ म्हणालो तोही मीच. ही एकटी अडून बसली!"

मिशाळनं माझ्या काठीकडे बघितलं. मग किल्ली आणि विम्याचा कागद दोन्ही पुढे केले.

विद्यार्थिनी पहिल्याच फटक्यात पास झाली. अभिमानानं माझा ऊर भरून आला होता, पण ही माझ्यावरच उखडली.

"सगळ्यांसमोर कशाला बोललात?"

"मग काय, माझी चूक तू तुझ्या डोक्यावर घेणार?"

"घेणारच," ती म्हणाली. "पाटीवर नाव माझं आहे."