न दिसलेला त्रिशूळ

हिमालयाबद्दल मी लिहावं हे धाडसच आहे. मी गिर्यारोहक नाही. कॉलेजात असताना एकदाच, तीन दिवस कुमाऊंच्या डोंगरांत चाललो, आणि ज्यासाठी गेलो ते शिखर मला दिसलंही नाही. जाणत्यांनी माफ करावं.

आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिला. वडील नागपुरी लुगडी विणायचे, आई सुताच्या कांड्या भरायची. माझ्यामागून बहीणही कॉलेजात आली. तिथल्या फलकावरची सूचना आधी तिनेच वाचली : नवख्यांसाठी सोपी पायवाट, समोर त्रिशूळ शिखर. जायचं होतं तिला. पण वडील म्हणाले, "आधी हा जाऊन येऊ दे. कसं हाय ते समजू दे. मंग तुझं पाहू." तिचं जाणं असं माझ्यावर येऊन पडलं, आणि मी तर रामटेकचा गडसुद्धा बसत-उठत चढणारा.

मे महिना होता. ऊन लागू नये म्हणून आईने खिशात कांदा घातला. वर पहिल्या मुक्कामी मी स्वेटरमध्ये कुडकुडत होतो आणि खिशातून कांदा निघाला. आमचा पहाडी वाटाड्या पोट धरून हसला. "बाबूजी, यहाँ लू नहीं लगती!"

वाट खरंच सोपी होती. चिडाच्या झाडांच्या वाळक्या, सुयांसारख्या पानांवरून पाय घसरायचा, एवढंच. गवताचे भारे घेतलेल्या बाया गप्पा मारत आमच्या पुढे निघून जायच्या. नागपूरच्या उन्हाळ्याची सवय, म्हणून मी रोज उजाडायच्या आधी उठून उताराशी उभा राहायचो. समोर फक्त धूसर पांढुरकं आभाळ. वाटाड्या म्हणाला, "अभी धूल है. दिवाली के बाद आना, आसमान धुला मिलेगा."

घरी आलो तेव्हा वडील मागावर होते. बहीण उगाच कांड्या आवरत बसली होती.

आई दरवर्षी पचमढीच्या महादेवाला जाणारी. तिने विचारलं, "महादेवाचा त्रिशूळ दिसला का बाबू?"

बहिणीने माझ्याकडे पाहिलं. मला खोटं बोलता आलं नाही. "नाही दिसला."

मागावर इकडून तिकडे धावणारा वडिलांचा धोटा थांबला. "मंग काहून गेलता गा येवढ्या दूर?"

मी अडखळत वाट सांगितली, गवतवाल्या बाया सांगितल्या, दिवाळीनंतरचं आभाळ सांगितलं. धोटा पुन्हा चालू झाला. स्वयंपाकघरात बहीण माझ्यावर चिडली. "एक 'हो' म्हटलं असतंस तर तोंड दुखलं असतं?"

रात्री जेवताना वडील तिला म्हणाले, "अर्धं लुगडं मागावर सोडून कोणी उठते का? यानं अर्धं विणलं. उरलेलं तू वीण वं. दिवाळी झाली का जाय."

"अन् तवाही नाही दिसला तं?"

"तं तुही माय जाईन."

"मी तं जाईनच," आई म्हणाली. ती मुळीच हसत नव्हती.

दिवाळीनंतर बहीण मुलींच्या तुकडीबरोबर गेली. हवेत गारवा होता, तरी आईने तिलाही कांदा दिलाच. मग बरेच दिवस काहीच कळलं नाही. वडील धोटा टाकता टाकता मध्येच मला विचारायचे, "तिकडं आभाळ कसं असन गा?" मला काय ठाऊक!

लुगडी द्यायला आम्ही दोघं इतवारीत शेठजींच्या दुकानी गेलो होतो, तेव्हा तिथला फोन वाजला. बहिणीला त्यांचाच नंबर दिला होता. शेठजींनी फोन पुढे केला, पण वडील कचरले. "तुम्हीच आयका जी."

शेठजींनी ऐकलं आणि दुकानभर ओरडून सांगितलं, "काठगोदामहून बोलते आहे! खाली उतरली, बरी आहे. त्रिशूळ दिसला म्हणते. कांदा तिथेच भाकरीबरोबर खाल्ला म्हणते!"

वडिलांनी हातातलं लुगडं गादीवर ठेवलं. "तिले विचारा, टोकं किती दिसली?"

शेठजींनी विचारलं, आणि हसत वडिलांकडे वळले.

"तिन्ही."